पोटातले भाडेकरू आणि आपलं वजन

"सर, मी फार खात नाही, तरी वजन का वाढतं?" हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारला आहे. नोकरीत असताना याच प्रश्नावर माझी एक चूक झाली, तिथूनच सुरुवात करतो.

माझ्या कंपनीत एक जवान होता. सगळ्यांबरोबर लंगरमध्ये जेवायचा, सकाळी पीटीला धावायचा, तरी वैद्यकीय तपासणीत त्याचं वजन जास्तच भरायचं. मी त्याला सर्वांसमोर सुनावलं, "चोरून खातोस आणि कामचुकारपणा करतोस." तो मान खाली घालून उभा राहिला. आज वाटतं, चौकशी न करताच मी निकाल दिला.

आपल्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. भाजी-धान्यातला जो तंतुमय भाग आपल्याला पचत नाही, तो हे भाडेकरू आंबवतात. त्यातून तयार होणारी आम्लं शरीर शोषून घेतं, म्हणजे थोडी ऊर्जा मिळते. पण हीच आम्लं पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकंही सोडायला लावतात. म्हणजे भाडेकरू दोन्ही बाजूंनी काम करतात.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने यावर प्रयोग केले. २००४ मध्ये त्यांनी जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू दिले. उंदरांचं खाणं कमी झालं, तरी दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली!

२०१३ चा प्रयोग आणखी बोलका आहे. जुळ्या बहिणी, एक स्थूल आणि एक सडपातळ. दोघींच्या विष्ठेतले जिवाणू वेगवेगळ्या उंदरांना दिले. स्थूल बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांची चरबी जास्त वाढली. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे 'सडपातळ' जिवाणू दुसऱ्याच्या पोटात शिरले आणि चरबी वाढणं थांबलं. पण हे घडलं ते कमी चरबीचा, भरपूर तंतूंचा आहार असतानाच. तेलकट-तुपकट, भाजी-फळं नसलेल्या आहारावर चांगले जिवाणू टिकलेच नाहीत. फौजेच्या भाषेत सांगायचं तर कुमक पोचली, पण रसद नव्हती.

आता सावधगिरीची गोष्ट. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. सडपातळ माणसाचे जिवाणू स्थूल माणसांना देऊन पाहिले गेले, पण त्यामुळे वजन लक्षणीय उतरल्याचं दिसलं नाही. वजनावर आनुवंशिकता, झोप, औषधं, हालचाल या सगळ्यांचा परिणाम होतो. म्हणून 'जिवाणूंची गोळी घ्या, बारीक व्हा' अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका.

रसद मात्र आपल्या हातात आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, राजमा, मटकी, पालेभाज्या, सालासकट फळं. प्रमाण हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगेल. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय प्रतिजैविकं घेऊ नका. त्यांच्या माऱ्यात उपयोगी जिवाणूही मरतात.

तो जवान आज भेटला, तर आधी त्याला बसायला सांगेन. मग विचारेन, "ताटात काय असतं, झोप किती होते, कुठलं औषध चालू आहे का?" तेव्हाही हेच विचारायला हवं होतं.

जय हिंद.