दोन दिवसांत पुरा होणारा खेळ

लॅटिन भाषेत ‘लूडस’ असा एक शब्द आहे. त्याचा एक अर्थ खेळ आणि दुसरा अर्थ लहान मुलांची शाळा. प्राचीन रोममध्ये मुले जेथे अक्षरे गिरवीत, त्या जागेसही हाच शब्द लावीत असत. ह्या शब्दाची आठवण होण्याचे कारण असे की, संगणकावरील खेळ स्वतः रचण्याची हौस असलेल्या काही मंडळींनी २००२ साली एक उपक्रम सुरू केला व त्यास ‘लुडम डेअर’, म्हणजे ‘खेळ देणे’, असे लॅटिन नाव दिले. शनिवार-रविवारच्या अठ्ठेचाळीस तासांत एक लहानसा व्हिडिओ गेम आरंभापासून शेवटापर्यंत तयार करावयाचा, असे त्या उपक्रमाचे स्वरूप. आपल्या प्राथमिक शाळांस ह्यातून काय घेता येईल, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गेम जॅम म्हणजे काय?

अशा उपक्रमांना ‘गेम जॅम’ असे म्हणतात. जाझ संगीतातील वादक ऐनवेळी एकत्र बसून, आधी काही न ठरविता वाजवीत. त्या बैठकीचे ‘जॅम’ हे नाव पुढे इकडे आले. २००९ च्या जानेवारीअखेर ‘ग्लोबल गेम जॅम’ प्रथम भरली. त्या वर्षी २३ देशांतील ५३ ठिकाणी लोक एकाच वेळी खेळ रचावयास बसले होते.

ह्या मेळ्यांचे नियम थोडके असतात. आरंभी सर्वांना एक विषय सांगितला जातो. तो एखादा शब्द असेल, एखादे वाक्य असेल, किंवा २०१३ साली ग्लोबल गेम जॅममध्ये झाले त्याप्रमाणे नुसता हृदयाच्या ठोक्यांचा आवाजही असेल. विषय कळला की घड्याळ सुरू होते. ‘लुडम डेअर’च्या कडक शाखेत तर एकट्यानेच काम करावयाचे आणि चित्रे, आवाज, आज्ञावली हे सर्व त्याच वेळात स्वतः निर्माण करावयाचे, असा दंडक होता. वेळ संपली की जे झाले असेल ते सर्वांसमोर मांडावयाचे.

एक उदाहरण पाहू. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे २०१७ साली भरलेल्या ‘नॉर्डिक गेम जॅम’चा विषय ‘तेथे नाही’ असा होता. फिनलंडचा एक तरुण, आर्वी टेइकारी, ह्याने त्यातील ‘नाही’ ह्या शब्दाचाच विचार केला. त्याने रचलेल्या खेळात नियम हे पडद्यावर शब्दांच्या ठोकळ्यांनी लिहिलेले असतात. ‘भिंत’, ‘आहे’, ‘अडथळा’ असे तीन ठोकळे ओळीत असतील, तर भिंत आपणांस अडविते. त्यातला एक शब्द ढकलून बाजूस सारला की वाक्य मोडते आणि भिंतीतून खुशाल पलीकडे जाता येते. उद्देश्य आणि विधेय ह्यांचा संबंध इतक्या प्रत्यक्षपणे दाखविणारा खेळ भाषाशिक्षकाने तरी पाहण्याजोगा आहे. त्या मेळ्यात हा खेळ पहिला आला. पुढे सुमारे दोन वर्षे काम होऊन २०१९ च्या मार्चमध्ये ‘बाबा इज यू’ ह्या नावाने तो पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. दोन दिवसांत त्याच्या कर्त्याजवळ दोनशे कोडी नव्हती. एकच कल्पना होती, परंतु ती खेळून पाहता येईल इतकी पुरी झालेली होती. आपल्या कामाच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

माझा फसलेला प्रयोग

हे मला आधी उमगले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. काही काळापूर्वी एका शाळेत सहावी-सातवीच्या बारा मुलामुलींना घेऊन मी असा दोन दिवसांचा उपक्रम योजिला. मुलांनी भराभर कल्पना सांगितल्या. गडावर चढणारा मावळा हवा, त्यामागे घोडेस्वार हवेत, तोफा हव्यात, गड तरी तीन हवेत. मी प्रत्येक कल्पनेस शाबासकी देऊन ती फळ्यावर लिहीत गेलो. फळा भरला, तसा मलाही हुरूप आला.

रविवारी सायंकाळी आमच्याजवळ एक भिंत होती आणि एक सुरेख घोडा होता. घोडा चालत नव्हता. सहावीतील एका मुलीने दोन्ही दिवस मान वर न करता गडाचे बुरूज रंगविले होते. तिला न्यावयास आई आली आणि कौतुकाने म्हणाली, “दाखव बघू काय केलंस.” मुलीने पडद्याकडे पाहिले व म्हटले, “अजून झालं नाही.” नंतर तिच्या बाईंकडून कळले की, त्या सत्रात ती पुन्हा संगणकापाशी बसली नाही.

मुलीच्या अंगी काही उणे नव्हते. दोन दिवसांत न होणारे काम मी तिच्या पुढ्यात ठेविले होते. काम अर्धे राहिले की मूल बेताला दोष देत नाही, स्वतःस देते. आपण वर्गात हस्तलिखिते, प्रकल्प, बागा आरंभितो आणि त्यांतील पुष्कळ तशीच राहतात. तेव्हा प्रत्येक वेळी कोणीतरी मूल मनात अशीच नोंद करीत असते, हे ध्यानात ठेवावे.

लहान खेळ कसा रचावा?

पुढच्या खेपेस आम्ही एकाच वाक्याचा खेळ घेतला : ‘झाडावरून पडणारे आंबे टोपलीत झेलावयाचे.’ ह्यासाठी ‘स्क्रॅच’ हे साधन वापरले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेतील एका गटाने ते २००७ साली प्रसिद्ध केले. त्या गटाच्या नावाचा अर्थ ‘आजन्म बालवाडी’ असा होतो, हे बालशिक्षकांस आवडेल. स्क्रॅच विनामूल्य आहे. संगणकावर एकदा उतरवून घेतल्यास ते इंटरनेटवाचूनही चालते. त्यात आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडले की आज्ञावली तयार होते.

कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

पहिल्या दोन तासांत चित्रे काढू नयेत. टोपलीच्या जागी एक चौकोन व आंब्याच्या जागी एक गोल पुरे. स्क्रॅचचा पडदा ४८० एकक रुंद व ३६० एकक उंच असतो आणि शून्य अगदी मध्यभागी असते. म्हणून उजवीकडे २४० पर्यंत धन संख्या व डावीकडे तितक्याच ऋण संख्या येतात. उजव्या बाणाची कळ दाबली की टोपली १० ने सरकावी, डाव्या बाणाची दाबली की उणे १० ने. ऋण संख्या कशासाठी, हा प्रश्न मग कोणी विचारीत नाही.

आंबा १५० ह्या उंचीवरून सुटावा आणि दर टप्प्यास ५ ने खाली यावा. उणे १५० च्या खाली गेला की पुन्हा वर जावा, आणि प्रत्येक वेळी आडवी जागा यदृच्छेने निवडली जावी. येथे एक गणित घालावे. ३०० एककांचे अंतर, दर टप्प्यास ५, म्हणजे ६० टप्पे. स्क्रॅच सेकंदास सुमारे ३० टप्पे करते, म्हणजे आंबा सुमारे दोन सेकंदांत खाली यावयास हवा. मुलांनी आधी उत्तर काढावे, मग घड्याळ घेऊन पडताळावे.

दुपारपर्यंत गोल पडतो, चौकोन सरकतो व गुण मोजले जातात, एवढे झालेच पाहिजे. न झाल्यास बेत मोठा आहे असे समजून त्यातील काहीतरी गाळावे. गाळलेल्या कल्पना फळ्याच्या कोपऱ्यात ‘पुढच्या खेळासाठी’ म्हणून लिहून ठेवाव्या. त्यामुळे त्या सुचविणाऱ्या मुलाचा हिरमोड होत नाही.

चुका येतील. आमच्या खेळात एक आंबा टोपलीत पडला की गुण एकाने वाढण्याऐवजी एकदम आठ-दहांनी वाढत. मी उत्तर सांगितले नाही. पुष्कळ वेळाने एका मुलाने शोधून काढले की, आंबा टोपलीस लागलेला असेतो यंत्र प्रत्येक टप्प्यास ‘स्पर्श आहे काय?’ असे विचारते आणि ‘आहे’ असे आढळताच दर वेळी एक गुण देते. गुण दिल्याबरोबर आंबा वर पाठवावा, हा उपायही त्यानेच सुचविला. दुसरी चूक अशी की, पहिल्या खेळणाऱ्याचे गुण दुसऱ्याच्या माथी येत. आरंभी गुण शून्य करावे, ही आज्ञाच राहून गेली होती. यंत्र रागावत नाही, हसतही नाही, सांगितले तेवढेच करते. म्हणून येथे चूक ही शोधण्याची वस्तू होते, लपविण्याची राहत नाही.

पहिल्या दिवसाच्या अखेरीस दुसऱ्या वर्गातील एखाद्या मुलास बोलावून खेळावयास बसवावे आणि खेळ रचणाऱ्यांनी तोंड बंद ठेवावे. शिक्षकांस हे सर्वांत जड जाते. आमच्याकडे दुसरीतला एक मुलगा आला आणि लांब कळ दाबीत बसला. टोपली हलेना. मुले सांगण्यास अधीर झाली होती, पण नियम पाळला गेला. मग त्यांचे त्यांनाच कळले की, बाणांच्या कळा वापराव्या असे पडद्यावर कोठेच लिहिलेले नाही. आपल्या मनात स्पष्ट असलेली गोष्ट दुसऱ्यास स्पष्ट असतेच असे नाही, हा धडा निबंधलेखनासही तितकाच लागू आहे.

दुसऱ्या दिवशी अशा उणिवा दूर कराव्या, नंतर चित्रे व आवाज घालावे. चित्रे मुलांनी स्वतः काढावी व आवाजही स्वतःचे द्यावे. इतरांची चित्रे उचलू नयेत. शेवटचे दोन तास नवीन काहीही जोडू नये. त्या वेळात खेळाला आरंभ, शेवट व नाव आहे ना, एवढेच पाहावे.

काही सावधगिरीच्या सूचना

प्रौढ मंडळी अशा मेळ्यांत रात्र जागवितात. मुलांच्या बाबतीत तसे मुळीच करू नये. एकसलग अठ्ठेचाळीस तासांची आवश्यकता नाही, वेळेला मर्यादा असण्याची आहे. शिक्षकांचा रविवार खर्ची घालणे गैरसोयीचे असल्यास शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतरचे काही तास, असे दोन-तीन शनिवार घेतले तरी चालेल. मात्र शेवटचा दिवस आधी जाहीर करावा व तो हलवू नये.

एका संगणकापाशी तिघे बसवावे आणि दर पंधरा मिनिटांनी माऊस दुसऱ्याच्या हाती द्यावा. असे न केल्यास धीट मुलगा यंत्र बळकावितो आणि मुली पाहत राहतात. क्रमांक व बक्षिसे ठेवू नयेत.

संगणक बंद पडलेला असल्यास उपक्रम सोडू नये. पुठ्ठा, सोंगट्या व चिंचोके घेऊन त्याच नियमांनी कागदावरचा खेळ रचता येतो. एका वाक्यात बेत, प्रथम खेळण्याजोगा कच्चा नमुना, दुसऱ्याने खेळताना गप्प राहणे व ठरल्या वेळी समाप्ती, ही चारही अंगे तेथे जशीच्या तशी लागू पडतात.

आमच्या दुसऱ्या उपक्रमात ती बुरूज रंगविणारी मुलगी यावयास तयार नव्हती. बाईंनी आग्रह केला नाही. केवळ आंबा काढून देण्यास सांगितले, म्हणून ती आली. रविवारी चार वाजता खेळ पुरा झाला. तो अगदी साधा होता. एक झाड, एक टोपली, साठ सेकंदांची वेळ. आई आली तेव्हा मुलीने तिला खुर्चीवर बसविले. संगणकास हात लावण्यास आई कचरत होती. मुलीने तिचे बोट धरून बाणाच्या कळेवर ठेविले आणि आपण मागे जाऊन, नियमाप्रमाणे, काही न बोलता उभी राहिली. आईने साठ सेकंदांत चार आंबे झेलले व पुन्हा एकदा खेळावयाचे म्हणाली.

आपल्या शाळेत असा उपक्रम आरंभिताना पहिल्या दिवशी खेळाचे ते एक वाक्य फळ्यावर लिहावे आणि मुले ते कितीही वाढवू पाहोत, शेवटच्या दिवसापर्यंत तेवढेच राहू द्यावे.