जवळचा विमानतळ कोणता?

विद्यार्थिमित्रांनो, अशी कल्पना करा की तुम्ही धाराशिवला राहता आणि तुमच्या दादाला दुबईत नोकरी लागली आहे. घरात आनंदीआनंद आहे. पण त्याबरोबर एक वादही सुरू झाला आहे. काका म्हणतात, "मुंबईहून जा, तिकीट दोन हजारांनी स्वस्त आहे." मामा उमरग्याचे. ते म्हणतात, "हैदराबादच जवळ. आमच्याकडे मुक्काम कर आणि पहाटे नीघ." आई विचारते, "पुण्याहून जाता येत नाही का रे?" तिकिटाचे पैसे उसने काढलेले आहेत, तेव्हा हा वाद काही करमणुकीचा नाही. निर्णय चुकला तर दादाचे पहिल्या महिन्याचे निम्मे वेतन त्यातच जायचे.

यांपैकी कोणाचे खरे? गंमत अशी की तिघांचेही खरे असू शकते. कसे ते पाहण्यासाठी आपल्याला एक नकाशा, कंपासपेटी आणि थोडे अंकगणित एवढेच लागेल.

धाराशिवहूनच का नाही?

धाराशिवला एक लहान धावपट्टी आहे. मग दुबईचे विमान तेथूनच का सुटू नये? विमानाला वर उचलणारे बल त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लांबच्या प्रवासाला निघालेले विमान प्रवासी, सामान आणि इंधन यांनी जड झालेले असते. त्याला जमीन सोडण्यासाठी मोठा वेग लागतो आणि तो वेग गाठण्यासाठी लांब धावपट्टी लागते. धाराशिव समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. उंचावरची हवा विरळ असते, उन्हाळ्यात तापून ती आणखी विरळ होते आणि धावपट्टीची गरज आणखी वाढते.

आता तीन विमानतळांची तुलना करा. हैदराबादजवळ शमशाबाद येथे २००८ साली सुरू झालेल्या विमानतळाची मोठी धावपट्टी सव्वाचार किलोमीटरांहून लांब आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे ३.४ किलोमीटर आहे आणि ती समुद्रसपाटीलगत आहे. पुण्याचा लोहगाव विमानतळ मूळचा हवाई दलाचा. त्याची धावपट्टी अडीच किलोमीटरांच्या आसपास असून तो सुमारे ५९० मीटर उंचीवर आहे. म्हणूनच पुण्याहून परदेशी जाणारी थेट विमाने मोजकी आहेत.

दुसरे कारण माणसांचे. विमान अर्धे रिकामे गेले तरी इंधन आणि वैमानिक यांचा खर्च फारसा कमी होत नाही. जेथे रोज हजारो प्रवासी मिळतात तेथे विमाने भरून जातात, अनेक कंपन्यांत चुरस लागते आणि तिकीट स्वस्त होऊ शकते. थोडक्यात, स्वस्त तिकीट बहुधा मोठ्या शहरात मिळते आणि मोठे शहर आपल्यापासून लांब असते. आपल्या कोड्याचे मूळ येथेच आहे.

जिल्ह्यातून जाणारी अदृश्य रेषा

महाराष्ट्र आणि तेलंगण दोन्ही दिसतील असा नकाशा घ्या. मुंबई आणि हैदराबाद येथे एकेक बिंदू द्या. हे अंतर सरळ रेषेत सुमारे ६२० किलोमीटर भरते. या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढा. लंबदुभाजकावरील प्रत्येक बिंदू दोन्ही टोकांपासून समान अंतरावर असतो, हे तुम्ही भूमितीत शिकलाच आहात.

आता नीट पाहा. हा लंबदुभाजक चक्क धाराशिव जिल्ह्यातून जातो! वाशी जवळजवळ त्या रेषेवरच येते. परंडा आणि भूम मुंबईच्या बाजूला पडतात. तर कळंब, धाराशिव, तुळजापूर, लोहारा आणि उमरगा हैदराबादच्या बाजूला. परंड्याहून मुंबई सुमारे २८५ आणि हैदराबाद ३३५ किलोमीटर. उमरग्याहून मुंबई ४२० आणि हैदराबाद अवघे २००. धाराशिव शहराहून मुंबई ३४९, हैदराबाद २७३. ही सारी अंतरे सरळ रेषेतील आहेत. रस्ते वळणावळणांचे असल्याने प्रत्यक्षात ती अधिक भरतात. हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. भूमितीच्या दृष्टीने त्याचा बराचसा भाग आजही हैदराबादकडेच झुकलेला आहे.

म्हणजे मामांचे खरे, असेच ना? थांबा. आपण अजून तिकिटाकडे पाहिलेच नाही.

रेषा सरकते आणि वाकते

हिशेब सोपा व्हावा म्हणून काही आकडे मानून चालू. मुंबईहून तिकीट २४,००० रुपये आणि हैदराबादहून २६,००० रुपये. भाड्याच्या मोटारीला, तिच्या रिकाम्या परतीसह, दर किलोमीटरला २० रुपये पडतात.

दोन हजारांच्या बचतीत मोटार किती जास्त अंतर जाईल? २,००० भागिले २०, म्हणजे १०० किलोमीटर. याचा अर्थ असा, की मुंबई हैदराबादपेक्षा १०० किलोमीटरांपर्यंत अधिक लांब असली तरी ती परवडते. धाराशिवच्या बाबतीत हा फरक ३४९ वजा २७३, म्हणजे ७६ किलोमीटर आहे. तो शंभराच्या आत असल्यामुळे मुंबई २४ किलोमीटरांच्या भाड्याने, म्हणजे ४८० रुपयांनी, स्वस्त पडते. काकांचे खरे ठरले! तुळजापूरला हा फरक सुमारे ९५ आहे. तेथे तागडी जवळजवळ समतोल राहते. उमरग्याला तो २२० आहे. तेथे मामांचेच खरे.

दोन ठराविक बिंदूंपासूनच्या अंतरांतील फरक कायम राहील असे सर्व बिंदू जोडले, तर सरळ रेषा मिळत नाही. एक वक्र मिळतो. त्याला 'अपास्त' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात 'लोरान' नावाच्या पद्धतीत जहाजे आणि विमाने याच वक्राच्या साहाय्याने आपले स्थान ओळखत. दोन रेडिओ केंद्रांचे संदेश किती वेळाच्या अंतराने पोचले, यावरून आपण कोणत्या अपास्तावर आहोत ते कळे. तोच वक्र येथे आपल्याला तिकिटाचे कोडे सोडवून देतो.

आता दादा मोटारीऐवजी एस. टी. ने किंवा रेल्वेने निघाला असे समजा आणि किलोमीटरला २ रुपये धरा. दोन हजारांत किती किलोमीटर? एक हजार! पण मुंबई आणि हैदराबाद यांमध्येच ६२० किलोमीटर अंतर आहे. त्रिकोणाच्या दोन बाजूंतील फरक तिसऱ्या बाजूपेक्षा मोठा असूच शकत नाही. तेव्हा असा वक्र काढताच येणार नाही. केवळ पैशांचा विचार केला तर उमरग्याच्या प्रवाशालाही मुंबईच स्वस्त!

एका मोटारीतून चौघे जाणार असतील तर? तिकिटांत बचत आठ हजारांची. मोटारीचे भाडे मात्र तेवढेच. बचत ४०० किलोमीटरांना पुरते आणि उमरगाही मुंबईकडे जाते. म्हणजे गाव तेच आणि तिकिटे तीच, तरी माणसे किती आणि वाहन कोणते यावर उत्तर बदलते.

आईच्या पुण्याचे काय? धाराशिवहून पुण्याचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे २२७ किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा १२२ किलोमीटर जवळ आहे. मोटारीने जाणाऱ्याला पुण्याचे तिकीट २,४४० रुपयांनी महाग असले तरी चालेल, एस. टी. ने जाणाऱ्याला फक्त २४४ रुपयांनी. मोटारीचा प्रवास महाग असतो, म्हणून तो वाचवण्याला तेथे अधिक किंमत येते.

आकाशातले अंतर आणि जमिनीवरचे अंतर

कोणी म्हणेल, "दुबई पश्चिमेला आहे. मग पूर्वेला हैदराबादला जाऊन उलटे कशाला फिरायचे?" मुंबई ते दुबई सुमारे १,९०० किलोमीटर आणि हैदराबाद ते दुबई सुमारे २,५००. सिंगापूरला जायचे असेल तर उलट: हैदराबादहून सुमारे ३,३०० आणि मुंबईहून ३,९००. फरक दोन्हीकडे सुमारे ६०० किलोमीटरांचा. ऐकायला हा फार वाटतो. पण ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला तो पाऊण तासाचा आहे. जमिनीवर तेवढ्याच अंतराला बारा तास लागतील. तेव्हा दिशेपेक्षा विमान थेट जाते की वाटेत बदलावे लागते, हे आधी पाहावे. मधल्या विमानतळावर पाच तास बसून काढावे लागले तर तो पाऊण तास कोठल्या कोठे जातो.

दोन वेगवेगळी तिकिटे काढून प्रवास जोडणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर पुढची सोय साधारणपणे कंपनी करते. तिकिटे स्वतंत्र असतील तर ती जोखीम आपली.

चुकलेल्या विमानाची किंमत

या जोखमीलाही हिशेबात जागा हवी. समजा, मुंबईच्या लांब आणि गर्दीच्या वाटेमुळे विमान चुकण्याची शक्यता हैदराबादपेक्षा पन्नासात एकाने अधिक आहे. विमान चुकले तर २४,००० रुपये बुडतील. २४,००० भागिले ५० म्हणजे ४८०. अशा अनेक प्रवासांची सरासरी काढली तर दर प्रवासामागे ४८० रुपयांचे नुकसान धरावे लागेल. मघाशी मोटारीच्या हिशेबात मुंबईने आपले किती वाचवले होते? नेमके ४८०! बचत येथेच संपली.

पण सरासरी नेहमीच पुरी पडत नाही. वर्षातून वीस वेळा प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्याला एक विमान चुकले तर ते नुकसान पुढच्या प्रवासांत भरून निघते. दादा आयुष्यात पहिल्यांदाच निघाला आहे. पन्नासातली ती एक वेळ त्याच्या वाट्याला आली, तर दुसऱ्या तिकिटासाठी पुन्हा उसने पैसे कोठून आणायचे? ज्याच्या गाठीला थोडे असते, त्याने सरासरीपेक्षा अधिक सावध राहणे हेच शहाणपणाचे गणित आहे.

सावधगिरीचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हाताशी राखलेला वेळ. लातूरहून मुंबईला जाणारी रात्रीची रेल्वे धाराशिवला थांबते. विमान रात्रीचे असेल आणि दादा त्याच दिवशी सकाळीच मुंबईत पोचला असेल, तर गाडीला तीन तास उशीर झाला तरी काही बिघडत नाही. त्या दिवसभराच्या मुक्कामाला खर्च काय? दोन वेळचे जेवण आणि थोडा कंटाळा. एवढ्यात पन्नासातील ती भीती जवळजवळ नाहीशी होते. बरोबर म्हातारे माणूस किंवा लहान मूल असेल तर मात्र हा दिवसच जड जाईल. मग उत्तरही वेगळे येईल.

तेव्हा दादाने एकट्याने, रेल्वेने, सकाळीच मुंबईला पोचावे असे आपले गणित सांगते. त्याच विमानाने उमरग्याची एखादी आजी मोटारीने निघाली असती, तर तिला आपण हैदराबादचा रस्ता दाखवला असता. तिकिटावर छापलेली किंमत दोघांनाही सारखीच दिसते. प्रवासाची किंमत मात्र ज्याच्या त्याच्या उंबऱ्यापासून मोजावी लागते.

करून पाहा

नकाशावर मुंबई केंद्र मानून ३८०, ४०० आणि ४२० किलोमीटर त्रिज्येचे कंस काढा. हैदराबाद केंद्र मानून अनुक्रमे २८०, ३०० आणि ३२० किलोमीटरांचे कंस काढा. जोडीजोडीचे छेदनबिंदू हलक्या हाताने जोडा. हाच शंभर किलोमीटर फरकाचा अपास्त. तुमचे गाव त्याच्या कोणत्या बाजूला आहे? डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरूनही प्रवासी विमाने उडू लागली. मुंबईचा बिंदू तेथे नेऊन आकृती पुन्हा काढा आणि वक्र कोणत्या दिशेला सरकतो ते पाहा. मग घरातल्या काका-मामांना तो दाखवा. वाद मिटेल असे नाही. पण तो कशाबद्दल आहे, हे निदान सर्वांना कळेल.