कौलमार्ग, नाथपंथ आणि माहूरची जगदंबा

कौल हा शाक्त तंत्रातील गुप्त मार्ग. ‘कुल’ म्हणजे शक्ती, ‘अकुल’ म्हणजे शिव. दोहोंचे सामरस्य साधणे हे कौलाचे ध्येय. मद्य, मांस, मत्स्य, मुद्रा आणि मैथुन हे पंचमकार त्याच्या विधींत येतात. दीक्षेवाचून प्रवेश नाही आणि गुरूने कानात सांगितलेले बाहेर बोलायचे नाही, हा दंडक.

यातील योगिनी-कौल शाखेचे प्रवर्तक मत्स्येंद्रनाथ मानले जातात. त्यांच्या नावावरचा ‘कौलज्ञाननिर्णय’ नेपाळातील पोथीवरून प्रबोधचंद्र बागची यांनी १९३४ साली प्रसिद्ध केला. मच्छिंद्र, म्हणजे हेच मत्स्येंद्रनाथ, स्त्रीराज्यात रमले आणि शिष्य गोरखनाथांनी त्यांना सोडवून आणले, ही घरोघरची कथा म्हणजे या मार्गाने घेतलेल्या वळणाची आठवणच म्हणावी लागेल. गोरखनाथांनी नाथपंथात ब्रह्मचर्यावर भर दिला. पंचमकार मागे पडले, शक्तीची उपासना मात्र राहिली; ती देहाच्या आत गेली, एवढेच.

मराठीत ही विद्या उघडी झाली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी या गीतेवरील टीकेत. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ही गुरुपरंपरा ज्ञानेश्वर अठराव्या अध्यायाच्या अखेरीस सांगतात. मत्स्येंद्रांना हातपाय तुटलेला चौरंगी भेटला तो सप्तशृंगीवर, म्हणजे देवीच्याच गडावर, हे तेथे मुद्दाम नोंदलेले आहे. सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे, म्हणजे देहातील सुप्त शक्तीचे, वर्णन येते: साडेतीन वेढे घालून निजलेली, मूळबंधाच्या उष्णतेने जागी होणारी. ज्ञानेश्वर तिला जगदंबा म्हणतात. पिंडाने पिंड गिळावा, हा नाथांचा गुप्त संकेत. तो सांगून झाल्यावर ते म्हणतात की, श्रोते गिऱ्हाईक आहेत हे ओळखून आपण मालाचे गाठोडे सोडले आणि घडी झटकून पुढे पसरली. जे कानात सांगायचे, ते बाजारपेठेच्या भाषेत भर सभेत सांगितले गेले. गीतेच्या मूळ श्लोकांत कुंडलिनीचे नावही नाही, हे लक्षात घेतले की या धाडसाचे मोल कळते.

ज्ञानेश्वरांची जगदंबा देहातली; यवतमाळ जिल्ह्यातील भाविकांची जगदंबा म्हणजे पैनगंगेपलीकडच्या माहूरगडाची रेणुका. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांतले हे एक पूर्ण पीठ. येथे पूर्ण मूर्ती नाही. शेंदूरचर्चित तांदळा, म्हणजे देवीचे केवळ मुख पुजले जाते. खलबत्त्यात कुटलेल्या विड्याचा तांबूल हा तिचा प्रसाद. त्याच डोंगररांगेत दत्तशिखर आहे आणि नाथपंथीय दत्तालाही गुरुस्थानी मानतात. साडेतीन पीठांचा मेळ ॐकाराच्या साडेतीन मात्रांशी घालण्याची पद्धत आहे; इतिहास म्हणून ती टिकणारी नाही, पण योगाची परिभाषा लोकांच्या देवीपर्यंत कशी पोचली, हे तिच्यातून दिसते.

नाथपंथाचा मराठीतील मूलभूत अभ्यास रा. चिं. ढेरे यांच्या ‘नाथसंप्रदायाचा इतिहास’ या ग्रंथात आहे. जिज्ञासूंनी आधी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचावा आणि मग ढेरे हाती घ्यावेत.