दुचाकीसाठी बूट : पायाची सुरक्षितता आणि अहिंसेचा विवेक

अंबरनाथ पश्चिमेतील व्यापारी घरांमधील तरुणांचा दिवस बहुधा दुचाकीवरच उगवतो आणि दुचाकीवरच मावळतो. सकाळी दुकान उघडायचे, दुपारी वसुलीसाठी उल्हासनगरच्या गजानन मार्केटच्या गल्ल्यांतून पायी फिरायचे, मालाच्या चौकशीसाठी बदलापूर गाठायचे, कधी स्थानकाच्या पुलाचे जिने चढायचे आणि सायंकाळी देरासरात दर्शनाला जायचे. कल्याण-बदलापूर मार्गावर अवजड वाहनांची सोबत असते आणि पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली लपलेले असतात. अशा दिनक्रमात डोक्यावर हेल्मेट असते, कारण मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२९ ने ते बंधनकारक केले आहे. पायात मात्र चप्पल किंवा कापडी बूट असतो.

याचे एक कारण म्हणजे पादत्राणांविषयी अशी सक्ती नाही. दुसरे कारण आपल्या घरांपुरते विशेष आहे. भक्कम बूट म्हणजे चामड्याचाच, असा समज रूढ आहे. चामडे उंबरठ्याच्या आत येऊ नये हा आईचा आग्रह आणि ‘मग चप्पलच बरी’ हे मुलाचे उत्तर, यांत पाय उघडाच राहतो. वस्तुतः अहिंसा आणि सुरक्षितता यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आज उरलेली नाही.

चामडे अपरिहार्य नाही

दुचाकीच्या बुटाचे बळ केवळ वरच्या आवरणात नसते. टाचेभोवतीची कडक वाटी, घोट्यावरील गादी, तळव्यातील न पिळवटणारी पट्टी आणि शिलाईचे पदर यांवर ते अवलंबून असते. शर्यतीच्या मैदानावरील बुटांतही लोरिकासारखे कृत्रिम सूक्ष्मतंतूंचे कापड वापरले गेले आहे. घर्षण सोसण्यासाठी जाड नायलॉन, सूक्ष्मतंतूंचे कृत्रिम आवरण व रबर हे पर्याय आज उपलब्ध आहेत.

चाचणी झालेला बूट ओळखण्याची एक खूण आहे. दुचाकीस्वारांच्या पादत्राणांसाठी युरोपात ‘ईएन १३६३४’ हे मानक आहे. त्याच्या शिक्क्यावर चार अंक असतात. बुटाची उंची, घर्षण सोसण्याची क्षमता, धारदार वस्तूपासूनचे संरक्षण आणि बाजूने दाबल्यास चेपला न जाण्याची ताकद, असा त्यांचा क्रम आहे. प्रत्येक अंक १ किंवा २ असतो व २ हा वरचा दर्जा. रस्त्यावर पडलेल्या दुचाकीचे वजन पायावर येते, म्हणून चौथ्या अंकाकडे दुर्लक्ष करू नये.

कारखान्यातील ‘सेफ्टी शू’ हा यास पर्याय नव्हे. आपल्या औद्योगिक वसाहतीत ते सर्रास दिसतात. ‘आयएस १५२९८’ या भारतीय मानकानुसार त्यांची बोटांवरील टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते. ते संरक्षण वरून पडणाऱ्या वस्तूपासून आहे. यांतील अनेकांचा घोटा उघडा राहतो, जाड टोकामुळे गिअरचा दांडा पायाखाली नीट येत नाही आणि त्यांचे आवरण बहुधा चामड्याचेच असते.

नावांचा चकवा

दुकानात खरी कसोटी लागते ती शब्दांची. ‘स्वेड’ आणि ‘न्यूबक’ हे चामड्याचेच प्रकार आहेत. ‘बॉन्डेड लेदर’ म्हणजे चामड्याचे तुकडे व भुसा एकत्र करून केलेले ताव. ‘पीयू कोटेड’ म्हटले तरी आत चामड्याचा पातळ थर असू शकतो. ‘रेक्झिन’, ‘सिंथेटिक’ व ‘मायक्रोफायबर’ ही नावे चामडेविरहित मालाला लावली जातात. तरीही विक्रेत्याला विचारणे इष्ट.

युरोपीय बाजारासाठी बनलेल्या बुटांवर १९९४ च्या निर्देशानुसार लहान चित्रे छापलेली असतात. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे, तिच्या आत चौकट-शंकरपाळा असेल तर लेप दिलेले चामडे, जाळीदार चौकोन म्हणजे कापड आणि नुसता शंकरपाळा म्हणजे इतर द्रव्ये. वरचा भाग, अस्तर आणि तळ यांसाठी ही खूण वेगवेगळी असते, म्हणून तिन्ही पाहाव्यात. यात एक मेख आहे. एखाद्या भागाचा किमान ८० टक्के अंश ज्या द्रव्याचा, त्याचीच खूण छापली जाते. म्हणजे कापडाची खूण असूनही टाचेवर किंवा बोटांवर चामड्याचे ठिगळ निघू शकते. आपल्या व्यापारात लेखी शब्दाला जे मोल आहे, ते येथेही वापरावे. पावतीवर ‘संपूर्ण चामडेविरहित’ असे लिहून मागावे. प्रामाणिक दुकानदार लिहून देतो आणि टाळणाऱ्याचे टाळणेही बरेच सांगून जाते.

चालण्यासाठी आणि चालवण्यासाठी

दिवसभर चालायचे असेल तर तळवा बोटांच्या सांध्याजवळ वाकावा, परंतु बूट दोन्ही टोकांना धरून पिळला असता फडक्यासारखा वळता कामा नये. त्याची उंची घोट्याचे हाड झाकणारी असावी. तळाला स्पष्ट टाच आणि पाण्यातील फरसबंदीवर पकड देणारे रबर हवे. डाव्या पायाच्या टोकावर गिअरच्या घर्षणासाठी जादा पदर असावा. लेस लोंबती असेल तर ती दांड्यात अडकते, तेव्हा लेस झाकणारी पट्टी किंवा बाजूची चेन असलेला बूट घ्यावा. चेनच्या बुटाची आणखी एक सोय अशी की देरासराच्या पायरीशी तो पटकन काढता येतो. स्कूटर चालवणाऱ्या लेकी-सुनांनाही घोटा झाकणारा हलका बूट तितकाच आवश्यक आहे.

खरेदी सायंकाळी करावी, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतो. नेहमीचे मोजे घालून दोन्ही पायांत बूट चढवावेत, जिना चढून उतरावा आणि शक्य असल्यास उभ्या दुचाकीवर बसून गिअर व ब्रेक दाबून पाहावेत.

पावसाळा आणि जयणा

आपल्या दमट हवेत पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा तळ फार काळ पडून राहिला तर हवेतील ओलावाच त्याचे बंध तोडतो. वरून नवा दिसणारा बूट चार पावलांत भुगा होतो. म्हणून जुना साठा घेऊ नये, शक्य तो रबरी तळ निवडावा आणि बूट माळ्यावर टाकून न ठेवता वापरात ठेवावा. पावसात भिजलेल्या बुटातील आतली गादी काढून दोन्ही वेगवेगळे सावलीत वाळवावेत आणि आत वर्तमानपत्राचा कागद भरावा. कागद दर काही तासांनी बदलावा.

ही निगा केवळ बूट टिकण्यासाठी नाही. ओलाव्यात धरणारी बुरशी ही जैन दृष्टीने अनंतकाय आहे. ती धरल्यावर पुसून काढण्यापेक्षा धरूच न देणे ही जयणा.

साधू-साध्वी अनवाणी विहार करतात आणि पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात. त्या सावधपणाला ईर्यासमिती म्हणतात. गृहस्थाला ते व्रत त्याच रूपात पाळता येत नाही, परंतु त्याचा भाव दुचाकीवरही नेता येतो. वेग आवरणे, रस्त्यावरील जीव पाहणे आणि आपल्या पायात कोणाचे कातडे नाही याची खात्री करणे, हे सारे त्याच सावधपणाचे अंश आहेत. मुलाला नवी दुचाकी घेऊन देताना हेल्मेटसोबत असा एक बूटही द्यावा. त्यासाठी कोणतेही व्रत मोडावे लागत नाही.