सापाचा फोटो काढावा, पण लांबून



पावसाळ्यात आपल्या औरंगपुऱ्यातूनही कितीतरी मंडळी कोकणात सहलीला जातात. सिंधुदुर्गातल्या आंबोलीला तर लोक रात्री बॅटरी घेऊन सापांचे फोटो काढायला येतात. तिथला विषारी चापडा फांदीवर तासन्‌तास हलत नाही. गरीब दिसतो म्हणून माणूस जवळ जातो. धोका तिथेच असतो.

कोकणातल्या कातळावर, दगडाखाली फुरसं असतं. हातभर लांबीचं, मातकट रंगाचं. वेटोळं करून अंगाला अंग घासतं, तेव्हा करकर आवाज येतो. तो आवाज म्हणजे ‘मागे सर’ असा इशारा. घोणसाच्या पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके असतात आणि तो कुकरच्या शिटीसारखा फुत्कारतो. मण्यार काळी, अंगावर पांढरे बारीक पट्टे. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. पुष्कळदा दुखतही नाही. नाग आपण ओळखतोच. हे चारही साप आपल्या मराठवाड्यातही आहेत.

फोटो काढायचाच तर दहा फुटांवरून, मोबाईलचा झूम वापरून काढा. काठीने डिवचू नका, दगड उलटू नका. साप पकडणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाही आहे.

आता महत्त्वाचं. कुणाला साप चावला तर फोटोसाठी सापामागे धावू नका. साप मारून दवाखान्यात नेण्याचीही गरज नाही. आपल्याकडची सर्पविषावरची लस या चारही सापांवर एकच आहे. डॉक्टर लक्षणं बघतात. काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांत ते गोठतं का, हेही पाहतात. नाही गोठलं तर घोणस किंवा फुरशाचं विष असावं, असा अंदाज येतो. चापड्यावर आणि मासेमारीच्या जाळ्यात येणाऱ्या समुद्रसापांवर मात्र ही लस चालत नाही. म्हणून त्यांच्यापासून लांब राहणं हाच उपाय.

चावलेल्या माणसाला धीर द्या. बांगड्या, अंगठ्या, जोडवी लगेच काढा, कारण सूज येते. हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा. आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.

फोटो पुन्हा काढता येईल, बायांनो. गेलेला वेळ परत येत नाही.