निमंत्रण फक्त सोळांना

लंडन, २० जानेवारी २०२५

काल रात्री इथल्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये शॉन मर्फीने कायरन विल्सनला १०-७ असं हरवून स्नूकरची ‘मास्टर्स’ जिंकली. बक्षीस साडेतीन लाख पौंड, म्हणजे आपले साडेतीन कोटींहून जास्त रुपये. जागतिक क्रमवारीत मात्र या विजयाचा एकही गुण धरला जात नाही. क्रमवारीतल्या पहिल्या सोळांना बोलावणं जातं, बाकीच्यांनी बीबीसीवर बघायचं. यंदा आठ वेळच्या विजेत्या रॉनी ओसलिव्हनने ऐन वेळी माघार घेतली, म्हणून नील रॉबर्टसनला जागा मिळाली.

गुण नसूनही खेळाडू या स्पर्धेवर जीव टाकतात. इतर बहुतेक स्पर्धांत एका वेळी अनेक टेबलं चालू असतात. इथे पहिल्या दिवसापासून एकच. बारा फुटी टेबलाभोवती दोनेक हजार माणसं. शनिवारच्या उपांत्य फेरीत मर्फीने मार्क ॲलनविरुद्ध १४७ केले, म्हणजे पंधराही लाल चेंडूंबरोबर दर वेळी काळा आणि मग सहा रंगीत. लाल संपत आले तसं सभागृह इतकं गप्प झालं की कानाला लावलेल्या छोट्या रेडिओतलं समालोचनही मोठं वाटावं. शेवटचा काळा पडल्यावर मात्र घर डोक्यावर घेतलं लोकांनी.

मला या खेळात सगळ्यात भावते ती एक साधी रीत. बाहीचा काठ चेंडूला निसटता लागला आणि पंचाला दिसलं नाही, तर खेळाडू स्वतःच फाऊल सांगतो. पांढरे हातमोजे घातलेला पंच ते मोजतो, खेळाडू खुर्चीत जाऊन बसतो. टाळ्या तेव्हाही पडतात.

बो-टाय आणि जाकिटामुळे हा खेळ उमरावांचा वाटतो, पण इंग्लंड-वेल्समध्ये तो वाढला कामगारांच्या क्लबांत. १९७५ची पहिली मास्टर्स जॉन स्पेन्सरने ९-८ अशी जिंकली; हरलेला रे रिअर्डन वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत काम केलेला माणूस, सहा वेळचा विश्वविजेता. त्याआधीच रंगीत टीव्ही आला होता. रंग दाखवायला याहून सोयीचा खेळ कुठला? डेव्हिड ॲटनबरो यांच्या पुढाकाराने १९६९मध्ये बीबीसी-टूवर ‘पॉट ब्लॅक’ हा स्नूकरचा कार्यक्रम सुरू झाला आणि स्नूकर घरोघर गेलं. मास्टर्सचा खर्च २००३पर्यंत सिगारेट कंपनीने उचलला, हेही सांगितलं पाहिजे.

आणि हा खेळ जन्मला कुठे? १८७५मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या डोक्यातून. नियम उटीच्या क्लबात ठरले. १९५८मध्ये बिलियर्ड्सचं हौशी जगज्जेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले. मुंबईचा आदित्य मेहता २०१३मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोचला होता, मुंबईचाच इशप्रीत चढ्ढा व्यावसायिक दौऱ्यावर खेळला आहे. तरी पहिल्या सोळांत आजवर एकही भारतीय नाही. गुण आपल्याकडे आहेत; आठवडाभर माणसं तिकीट काढून बघायला बसतील अशी स्पर्धा आपण उभी केली नाही.

स्नूकरचं राहू द्या, कॅरमचं घ्या. रत्नागिरीत राज्य मानांकन स्पर्धा होतात, रियाज अकबरअली आणि आकांक्षा कदम यांच्यासारखे खेळाडू आपल्या मातीतले. पण सभागृहात एकाच वेळी ओळीने बोर्ड मांडलेले, आणि राणी घेऊन कव्हर होतंय की नाही हे चार डोकी वाकून बघणार! आपल्या कॅरम संघटनेने एकदा हे करून बघावं : राज्यातले पहिले सोळा बोलवायचे, तिथल्या सावरकर नाट्यगृहाच्या रंगमंचावर एकच बोर्ड ठेवायचा, वर कॅमेरा, मागे मोठा पडदा, आणि तिकीट लावायचं. पहिल्या वर्षी पन्नास रुपये पुरे.