पाटाची ब्राह्मी आणि उंदराची परीक्षा

पाटाच्या ओलीत पसरणारी बारीक जाड पानांची नीरब्राह्मी आपण भांगलणीत उपटून टाकतो. (गोल पानाची मंडूकपर्णी, तिलाही ब्राह्मीच म्हणतात, ती वेगळी.) २००२ साली बनारसच्या शास्त्रज्ञांनी या नीरब्राह्मीचा अर्क पाच दिवस उंदरांना दिला आणि उदासीवर गुण येतो का ते पाहिले.

परीक्षेची रीत पोरसोल्ट यांची, १९७७ सालची. उंदीर काचेच्या उभ्या नळकांड्यात, पाण्यात सोडायचा. आधी तो धडपडतो, मग नुसते नाक वर ठेवून तरंगतो. तरंगण्याचा वेळ घड्याळावर मोजायचा. अर्क दिलेले उंदीर कमी तरंगले, इमिप्रामिन या औषधाशी तुलना होईल इतके.

पण तरंगणारा उंदीर निराश झाला की ताकद राखतोय, हे त्याला कोण विचारणार? शास्त्रज्ञांतही वाद आहे. कॉफीतल्या कॅफीननेही उंदीर जास्त धडपडतो!

आमच्या गटात एकाने हे ऐकून डॉक्टरची गोळी सोडली अन् पाटावरचा रस सुरू केला. पंधरा दिवसांत झोप गेली, बोलणे बंद. घरच्यांनी वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून निभावले. तेव्हा गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तणनाशक मारलेल्या बांधावरची ब्राह्मी तर तोंडातही घालू नका. मन लागत नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या नंबरावर मराठीत, फुकट बोलता येते.